स्वमग्न मुलाला स्वतःविषयी काय वाटते?

लग्नाच्या मांडवात, एस.टी. स्टँडवर किंवा दवाखान्याच्या बाकावर हे दृश्य आपण पाहिले असेल. सात-आठ वर्षांचे एक मूल आईला बिलगून बसलेले असते. ते कुणाकडे पाहत नाही. हातातले बाटलीचे झाकण गरगर फिरवत राहते. शेजारची बाई विचारते, "याला काय झालं हो बाई?" मग आई सांगू लागते. बोलत नाही, शाळेत टिकत नाही, रात्रीची झोप नाही, याच्यापायी आमचे कुठे येणे-जाणे राहिले नाही. हे सगळे त्या मुलाच्या कानापासून हातभर अंतरावर चाललेले असते. बोलणाऱ्या दोघींनाही वाटत असते की त्याला काय कळते!

बोलता न येणे आणि न समजणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलांना चार शब्द धड बोलता येत नाहीत, त्यांतली कित्येक आपले बोलणे समजत असतात. शब्द समजले नाहीत तरी सूर समजतो. आपल्याविषयी बोलताना आईचा आवाज पडतो, बाबा विषय बदलतात, हे मूल रोज पाहते आणि त्यावरून स्वतःविषयीचे मत बनवते.

स्वमग्न मुलांविषयी लिहिताना त्यांना बोलायला कसे शिकवावे, शाळेत कसे बसवावे, हेच बहुधा लिहिले जाते. ते आवश्यकही आहे. परंतु त्या मुलाला स्वतःविषयी काय वाटते, हा प्रश्न मागेच राहतो. आज या सदरात तोच घेतला आहे.

प्रथम थोडी ओळख. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा ताप-खोकल्यासारखा येऊन बरा होणारा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतले ते वेगळेपण आहे आणि ते जन्मभर राहते. दीड-दोन वर्षांपासून त्याची चिन्हे दिसू लागतात. नावाने हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी मोठ्या माणसाचा हात धरून तिकडे नेते. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा म्हणते. रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी कासावीस होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी आणून दिला तर गल्लीतली इतर मुले तो सजवून दारोदार मिरवतात. हे मूल नंदी उलटा करून त्याचे चाक अर्धा अर्धा तास फिरवत बसते.

सर्वच मुलांत हे सारखे नसते. कुणी आयुष्यभर बोलत नाही, कुणी पुस्तकी भाषेत अखंड बोलते. कुणाला अंघोळीलाही मदत लागते, कुणी गणितात वर्गात पहिले येते आणि डब्याच्या सुटीत एकटे बसते. म्हणूनच आज याला वर्णपट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस या वर्णपटावर होता. हीच सरासरी धरली तर दहा हजार वस्तीच्या गावात लहान-मोठी मिळून ऐंशीच्या घरात माणसे होतील. आपल्या गावात ती दिसत नाहीत, कारण त्यांना आपण दुसरी नावे दिली आहेत: येडा, मुका, हट्टी, घुम्या.

आपल्या दोन जिल्ह्यांत ओळख पटायला आणखी एक अडचण येते. भामरागड-एटापल्लीकडे घरी माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली आणि शाळेत मात्र मराठी. पहिलीत येऊन गप्प बसणारे मूल घरी आजीशी भरभरून बोलत असेल तर नुसत्या गप्प बसण्यावरून ते स्वमग्न ठरत नाही, कदाचित त्याला फक्त गुरुजींची भाषा नवी असेल. उलट, मूल खरोखर स्वमग्न असेल तर "दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो, घरची भाषा बंद करा" असा सल्ला काही जण देतात. या सल्ल्याला आधार नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान होते असे संशोधनात आढळलेले नाही. ज्या भाषेत आजी मांडीवर घेऊन बोलते तीच तोडली तर मूल आपल्याच घरात परके होते. आणि हो, कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी कानांची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही.

दोष कुणाचा?

मुलाच्या आत्मसन्मानाआधी आईच्या आत्मसन्मानाविषयी बोलले पाहिजे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे मात्र कित्येक वर्षे मोठमोठे तज्ज्ञ असे सांगत राहिले की थंड, माया न करणाऱ्या आईमुळे मूल असे होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. हे मत साफ चुकीचे ठरले आहे. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे. आईच्या प्रेमाच्या कमी-अधिकपणाचा काहीही संबंध नाही. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा १९९८ चा लेखही 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली रद्द केला.

शहाण्या जगाची ही गत, तर आपल्याकडे ग्रहण, करणी, बाहेरची बाधा आणि "गरोदरपणी हिने काही पथ्य पाळले नाही" हे आरोप असणारच. त्यातून मग देवऋषी, गंडेदोरे, कुठल्या तरी शहरातली महागडी औषधे, स्टेम सेलच्या नावाने लाखांची लूट असा प्रवास सुरू होतो. पैसा जातो तो जातोच. पण मुलाच्या बाजूने याकडे पाहा. आठवीतल्या मुलाला दर सुटीत एका नव्या माणसासमोर नेऊन बसवले जाते आणि तो माणूस म्हणतो, याला नीट करू. पाच वर्षे हे झाल्यावर आपण बिघडलेलो आहोत याखेरीज ते मूल दुसरे काय शिकेल?

कमीपणाची भावना मुलात जन्मजात नसते. ती दिवसभराच्या छोट्या छोट्या वाक्यांतून साचते. एखाद्या दिवशी मोजून पाहा. "हात हलवू नको", "इकडे बघ", "असं नाही, असं धर", "पुन्हा तेच का विचारतोस", "बहीण बघ कशी शहाणी". सकाळपासून रात्रीपर्यंत पन्नास-साठ वेळा त्याला दुरुस्त केले जाते. कौतुक झालेच तर केव्हा? ते स्वमग्न नसल्यासारखे वागले तेव्हा. म्हणजे, तू आहेस तसा चालणार नाहीस, दुसऱ्यासारखा दिसलास तर चालशील. ज्यांची स्वमग्नता बाहेरून फारशी दिसत नाही अशी मुले, आणि विशेषतः मुली, हे सोंग फार चांगले वठवतात. वर्गात हसतात, मान डोलवतात, दुसरीचे पाहून बोलतात आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडतात. स्वमग्न किशोरवयीन मुलांत चिंता आणि उदासीनता यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आढळते, त्यात या सोंगाच्या थकव्याचाही भाग आहे.

डॅमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ साली एक साधी गोष्ट मांडली. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे सगळे म्हणतात. पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कुठे कळते? गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे, दुरुस्त मात्र एकाच बाजूला केले जाते. मला हे म्हणणे फार पटते.

आनंदवनातला धडा

आत्मसन्मान कशाने परत येतो हे पाहायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगावर औषध मिळाले, जखमा भरल्या, तरी गावाने बाहेर काढलेल्या माणसाची गेलेली किंमत औषधाने परत येत नव्हती. ती आली शेतात धान्य पिकवल्यावर, विहिरी खणल्यावर, मागावर कापड विणल्यावर. जग आपल्या हातचे घेते आहे हे दिसल्यावर माणूस ताठ उभा राहिला. पुढे अंध, मूकबधिर आणि अपंग व्यक्तीही तिथे आल्या, 'स्वरानंदवन'च्या मंचावरून गाऊ-नाचू लागल्या.

कुष्ठरोग आणि स्वमग्नता यांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु माणसाच्या मनाचा नियम तोच आहे. "तू किती हुशार!" असे शंभर वेळा म्हटल्याने जे होत नाही, ते घराला खरोखर लागणारे एक काम रोज आपल्या हातून पुरे झाल्याने होते. याचा अर्थ मुलाला राबवावे असा नव्हे. काम लहान असावे, खरे असावे आणि ते त्याचेच असावे. रात्रीच्या जेवणाला ताटे मांडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, माठ भरणे, अंथरुणांच्या घड्या घालणे, तांदळातले खडे निवडणे. एके दिवशी त्याने ते केले नाही तर घराचे अडले पाहिजे, म्हणजेच ते खरे काम.

या मुलांचे गुण इथे कामी येतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, तशीच्या तशी, न कंटाळता करणे हा आपल्याला दोष वाटतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात घरोघर अंगणात पुडे बांधायला बसतात तेव्हा तोच गुण असतो. एका पुड्यात सत्तर पाने. मोठी माणसे गप्पांत मोजणी चुकतात, पुन्हा मोजतात. ज्या मुलाला आकड्यांचे आणि ओळीत लावण्याचे वेड आहे त्याच्या हातात पाने द्या. पाने सरळ एकावर एक येतील आणि एकोणसत्तर किंवा एकाहत्तर होण्याची शक्यता कमीच. हे काम घरच्या अंगणात व्हावे. पाने तोडायला किंवा पहाटे मोहफुले वेचायला मात्र अशा मुलाला जंगलात नेताना विचार करावा, आणि एकटे तर कधीच सोडू नये. हाकेला न वळणारे मूल आणि वाघ-अस्वलाचे रान यांचा मेळ नाही.

काम शिकवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. बहुतेक घरांत सुरुवातीपासून शिकवतात, मूल मध्येच अडकते, मोठे माणूस चिडून ते काम स्वतः संपवते. रोज हरण्याचाच अनुभव. तज्ज्ञ याच्या उलट करायला सांगतात: शेवटची पायरी आधी शिकवा. चादरीची घडी घ्या. चार घड्या आपण घालायच्या, पाचवी मुलाने. ती पडली की काम संपले, आणि संपवणारा तो. आठवड्याने शेवटच्या दोन घड्या त्याच्या. मग तीन. महिना लागो की चार महिने, एकाही दिवशी काम त्याच्या हातून अर्धवट राहिलेले नसते. शर्टाची बटणे, चपलेचा पट्टा, तोंड धुणे, डबा भरणे, सगळे याच रीतीने शिकवता येते. ज्या घरांनी धीर धरून हे केले आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

शाबासकी द्यावी, पण नेमकी द्यावी. "वा वा, छान" हे हवेत विरते. "तू सहाही ताटे मांडलीस, वाट्याही आठवणीने ठेवल्यास" हे मुलाला कळते, कारण ते मोजता येते. टाळ्यांचा कडकडाट काही मुलांना सहन होत नाही; तिथे खांद्यावरचा हात किंवा नुसती मान हलवणे पुरे. काहींना हातही नको असतो. तेही त्याला विचारूनच ठरवावे.

दिवसाचा क्रम आधी ठाऊक असला की या मुलांची निम्मी धास्ती जाते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर साधी चित्रे काढावीत: अंघोळ, जेवण, शाळा, खेळ, झोप. झालेल्या गोष्टीवर मुलानेच फुली मारावी. एखाद्या दिवशी पाहुण्यांकडे जायचे असेल तर तेही चित्र आदल्या रात्री मध्ये घालावे. यासाठी पैसा लागत नाही.

हट्ट नव्हे, त्रास

स्वमग्न मुलांच्या ज्ञानेंद्रियांवर अनेकदा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मारा होतो. टिनाच्या पत्र्यावरचा पाऊस, वर्गातल्या ट्यूबलाइटची गुणगुण, गणवेशाच्या कॉलरची शिवण, फोडणीचा वास. आपल्याला जे जाणवतही नाही त्याने ही मुले हैराण होतात. त्यात चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा. लग्नातला डी.जे. सुरू झाला की मूल कान दाबून किंचाळते, जमिनीवर लोळते, आणि मांडव म्हणतो, काय हे वळण लावले आहे! दोन धपाटे बसतात. मुलाच्या मनात मात्र एवढेच उरते की मला दुखत होते तेव्हा मला मारले.

हट्ट आणि हा उद्रेक यांतला फरक ओळखता येतो. हट्ट करणारे मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहत असते आणि खाऊ मिळाला की थांबते. उद्रेकात मूल कुणाकडे पाहत नाही आणि काही दिले तरी थांबत नाही. ते थांबवणे त्याच्या हाती नसते. अशा वेळी बोलणे कमी करावे, गर्दी दूर करावी, शांत अंधाऱ्या जागी न्यावे आणि वाट पाहावी. नंतर जाब विचारू नये.

पण म्हणून मुलाला घरातच डांबून ठेवावे का? मुळीच नाही. महाकालीची यात्रा, मार्कंड्याची जत्रा, दिवाळीनंतरचे झाडीपट्टीतले नाटक, हे सगळे त्याचेही आहे. रात्रीच्या नाटकाला न्यायचे असेल तर दुपारीच रंगमंच उभारताना दाखवून आणावे. रात्री भोंग्यांपासून दूर, मागच्या बाजूला, बाहेर पडायला सोपे जाईल असे बसावे. कानात कापूस घालावा. मूल बिथरण्याची वाट न पाहता, ते अजून खुशीत असतानाच घरी परतावे. पहिल्या वर्षी वीस मिनिटे टिकले तरी ते "मी नाटक पाहिले" असेच सांगेल.

हात फडफडवणे, डोलणे, गुणगुणणे यामागे लोक लागतात. या हालचालींनी मूल स्वतःला सावरत असते. त्याने डोके आपटले, हात चावला तर उपाय करावाच लागेल. एरवी त्याला सोडून द्यावे. जबरदस्तीने डोळ्यांत पाहायला लावणेही बंद करावे. कित्येक स्वमग्न मोठ्या माणसांनी लिहून ठेवले आहे की समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले की ऐकणे अवघड होते.

या मुलांना एखाद्या विषयाचा ध्यास असतो. कुणाला पंख्यांचा, कुणाला नकाशांचा, कुणाला चांदाफोर्टहून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करत गोंदियाला जाणाऱ्या गाडीच्या वेळांचा. घरचे कंटाळून म्हणतात, बस कर आता तुझी गाडी. मी म्हणतो, त्या गाडीत बसून घ्या. त्याच स्टेशनांवरून अंतराचे गणित शिकवता येते, नकाशा शिकवता येतो, स्टेशनांच्या नावांवरून वाचन शिकवता येते. गावातल्या कुणाला प्रवासाला जायचे असेल तर त्यांनी वेळ याच मुलाला विचारावी. आपल्याला माहीत आहे ते कुणाला तरी हवे आहे, हे कळलेले मूल मान वर करून बोलते.

अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांचे उदाहरण आपल्या गुराढोरांच्या मुलखाला जवळचे वाटेल. १९४७ साली जन्मलेल्या या बाई लहानपणी तीन-साडेतीन वर्षांपर्यंत बोलत नव्हत्या. त्यांना माणसांपेक्षा जनावरांचे वागणे लवकर उमगे. गुरे कशाला बुजतात, सावलीला, लटकणाऱ्या साखळीला, अचानक येणाऱ्या आवाजाला, हे त्यांनी बारकाईने टिपले, कारण त्या स्वतःही तशाच गोष्टींना बुजत. त्यावरून त्यांनी गुरे न घाबरता चालतील अशा वळणदार वाटांची रचना केली आणि पुढे त्या कोलोराडो राज्यातल्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. प्रत्येक स्वमग्न मूल असे नाव काढील असे कुणी समजू नये. ही मुले एकतर बिचारी नाहीतर अलौकिक बुद्धीची, या दोन्ही कल्पनांचे ओझे त्यांच्या डोक्यावर नको.

पाण्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. स्वमग्न मुले नजर चुकवून घराबाहेर निघून जातात आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची ओढ असते. आपल्याकडे गावोगाव मामा तलाव, विहिरी, नाले. यासाठी या मुलांना पोहायला शिकवणे हा आधी जिवाचा प्रश्न आहे. पोहण्याचा दुसराही फायदा आहे. पाण्यात बोलावे लागत नाही, कुणाशी जोडी जमवावी लागत नाही, आणि प्रगती हातांनी मोजता येते. मुंबईत नौदलातल्या कर्मचाऱ्याची मुलगी जिया राय हिला ऑटिझममुळेच पोहायला घातले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर समुद्र पोहून गेली, २०२२ साली तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला आणि जुलै २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली. आपल्या मुलाने मोठ्या माणसाच्या देखरेखीत तलावाचा एक काठ गाठला तरी पुष्कळ झाले.

शाळेत

गुरुजी वैतागून म्हणतात, "डोके खाऊ नकोस." स्वमग्न मूल गंभीरपणे उत्तर देते, "मी नाही खाल्ले." वर्ग हसतो, गुरुजींना उद्धटपणा वाटतो आणि मुलाला उभे राहण्याची शिक्षा होते. त्याने तर प्रामाणिक उत्तर दिले होते. या मुलांशी सरळ, एका वेळी एकच गोष्ट सांगणारे वाक्य बोलावे. "दंगा नको" म्हणण्यापेक्षा "बाकावर बस, वही उघड" म्हणावे. जागा ठरलेली असावी. शक्य तर खिडकीच्या आणि दाराच्या गोंगाटापासून दूर असावी. सर्वांसमोर मोठ्याने वाचायची सक्ती करू नये. चिडवणाऱ्या मुलांना शिक्षा करून फारसे साधत नाही. वर्गातल्या एखाद्या समंजस मुलाशी त्याची गाठ घालून दिली तर पुष्कळ साधते. एक मित्र पुरतो.

कायदा पालकांच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. त्या मागताना ओशाळण्याचे कारण नाही.

मुलाला त्याच्या स्वमग्नतेविषयी सांगावे का, हा प्रश्न पालकांना फार छळतो. माझ्या मते सांगावे, आणि चिडवण्यातून त्याला कळण्याआधी सांगावे. "मी असा का?", "मलाच का शाळेत वेगळे बसवतात?" असे ते विचारू लागले की वेळ आली. एकदाच बसवून मोठे भाषण देऊ नये. सहज, कामात असताना, थोडे थोडे सांगावे. "तुला आवाज जास्त मोठे ऐकू येतात, म्हणून तू कान झाकतोस. तुला गाड्यांच्या वेळा एकदा वाचून पाठ होतात, माझ्या होत नाहीत. गर्दीत बोलणे तुला जड जाते. असा मेंदू असण्याला ऑटिझम म्हणतात. जगात असे पुष्कळ लोक आहेत." अवघड काय आणि सोपे काय, दोन्ही एकाच दमात आणि एकाच सुरात सांगावे. पुष्कळ मुलांना हे ऐकून सुटल्यासारखे वाटते, कारण तोवर त्यांनी स्वतःला मठ्ठ किंवा वाईट ठरवून टाकलेले असते. भावंडांनाही हेच शब्द सांगावेत, म्हणजे गल्लीत कुणी विचारले तर त्यांना मान खाली घालावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगावीशी वाटते. सांगितले ते मुकाट्याने करणारे मूल म्हणजे सुधारलेले मूल, असे आपण समजतो. ज्या मुलाला नेहमी मोठ्यांचे ऐकायचेच शिकवले आहे, त्याला कुणी एकांतात गैर वागले तरी "नको" म्हणता येत नाही. अशा मुलांवर अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून साध्या गोष्टींत त्याचा नकार मानावा. आज वांगे नको, काकांच्या मांडीवर बसायचे नाही, हा शर्ट टोचतो. बोलता येत नसेल तर हाताने ढकलणे, मान फिरवणे हाही नकारच आहे. दोन शर्टांतला एक, दोन भाज्यांतली एक त्याला निवडू द्यावी. आपल्या नकाराला घरात किंमत आहे हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते बाहेर नकार देऊ शकते.

कुठे जावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला घरी लपवून ठेवू नये. आपली शंका स्पष्ट सांगावी. हे पथक पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर पाठवते. गरज पडल्यास नागपूरचे मेडिकल किंवा सेवाग्राम येथे जावे. अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र यासाठी अर्ज करावा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्न व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर, खरोखर गरज असेल तरच, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो.

तपासणीला जाताना आधार कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि कानांच्या तपासणीचा कागद बरोबर घ्यावा. घरी मूल कसे खेळते, कसे बोलते, कशाने बिथरते याचे मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून न्यावे, कारण दवाखान्याच्या गर्दीत ही मुले वेगळीच वागतात आणि डॉक्टरांना दहा मिनिटांत खरे मूल दिसत नाही. मुलाच्या तक्रारींची यादी तोंडाने वाचण्यापेक्षा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावी, म्हणजे ती मुलासमोर ऐकवावी लागत नाही. त्याचे आवडते झाकण किंवा दोरी पिशवीत असू द्यावी. आणि आदल्या रात्री पाठकोऱ्या कागदावर चार चित्रे काढून दाखवावीत: एस.टी., दवाखाना, डॉक्टर आणि परतीची एस.टी. चौथे चित्र विसरू नये.